भोंगा घराचा, कळ कुणाच्या हातात?

दिवाळी नाहीतर मे महिन्याची सुट्टी तोंडावर आली, की पोलिसांचं आवाहन पेपरात हमखास येतं. गावाला जाताना शेजाऱ्यांना सांगून जा, दागिने घरात ठेवू नका. त्याच पानावर कुठेतरी बंद घराचं कुलूप तोडल्याची बातमीही असते. २०२५ मध्ये सोनं तोळ्याला लाखाच्या पुढे गेलं आणि ही धास्ती आणखी वाढली. आता तालुक्याच्या गावातसुद्धा कॅमेरे बसवून देणारी दुकानं झाली आहेत.

मला यात एक गफलत दिसते. कॅमेरा चोरी टिपतो. चोरी होत असतानाच बोंब ठोकते ती यंत्रणा वेगळी, तिला अलार्म म्हणतात. तिचे भाग कोणते, ते आपल्याला कुणी समजावून सांगत नाही. बसवणारा पोरगा सगळं 'साहेबांना' दाखवतो आणि आपण चहा ठेवायला आत जातो!

तर मैत्रिणींनो, दारापासून सुरुवात करू. चौकटीवर एक छोटा स्विच आणि दाराला लोहचुंबक, एवढंच. दार मिटलेलं असतं तोवर दोन्ही जवळ. उघडलं की दुरावतात आणि खबर जाते. खिडकीलाही हेच लावता येतं. हा भाग स्वस्त, आणि माझ्या मते सगळ्यात कामाचा, कारण चोर आत शिरताक्षणीच तो बोलतो.

खोलीच्या कोपऱ्यात वर बसवतात तो हालचाल ओळखणारा सेन्सर. अंगाची ऊब हलली की त्याला कळतं. पण ऊब मांजरालाही असते, आणि भिंगावरून पाल सरकली तरी तो फसू शकतो. आमच्या बाजारपेठेतल्या एका कापड दुकानाचा भोंगा असाच रात्री-बेरात्री वाजायचा. पहिल्या दोन रात्री लोक काठ्या घेऊन धावले. नंतर कूस बदलून झोपू लागले. लांडगा आला रे आला! सेन्सरची जागा बदलल्यावर तो प्रकार थांबला, पण लोकांचा विश्वास काही लगेच परत आला नाही.

हे सगळे जिथे खबर देतात तो डबा म्हणजे पॅनेल. त्यातच बॅटरी असते आणि बहुतेक वेळा सिमकार्डही. इथे दोन प्रश्न विचाराच. लाइट गेली, किंवा कुणी बाहेरून मेन स्विच पाडला, तर बॅटरी किती तास टिकेल? आणि सिमचा रिचार्ज कोण करणार? रिचार्ज संपला तर भोंगा वाजेल, पण तुमच्या मोबाइलवर फोन येणार नाही.

आता कळीचा भाग, म्हणजे धोक्याचं बटण. बँकेत ते काउंटरखाली असतं, पायाने किंवा हाताने गुपचूप दाबता येतं. संध्याकाळी पार्लर, शिलाईचं दुकान किंवा मेडिकल एकटीने सांभाळणारीला त्याची गरज बँकेइतकीच आहे. घरी ते पलंगापाशी हवं. दिवाणखान्यात शोभेला नको.

घरासाठी अशी यंत्रणा घडवणाऱ्यांत एक बाईच पुढे होती, हे किती जणींना माहीत आहे? न्यूयॉर्कमधल्या मेरी व्हॅन ब्रिटन ब्राऊन या नर्स. ड्युटीच्या वेळा अवेळी, पोलीस लवकर येत नसत, घरात त्या एकट्या. म्हणून दाराबाहेर कोण आहे ते आतल्या पडद्यावर दाखवणारी, आणि बटण दाबताच मदत मागणारी यंत्रणा त्यांनी नवऱ्याच्या साथीने तयार केली. १९६९ मध्ये तिचं पेटंट मिळालं. आपल्याकडे मात्र अ‍ॅप 'ह्यांच्या' मोबाइलमध्ये आणि पासवर्ड बसवणाऱ्या पोराला पाठ.

पासवर्डचं हे साधं प्रकरण नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये राजकोटच्या एका प्रसूती रुग्णालयातल्या तपासणीच्या खोलीतलं बायकांचं चित्रण बाहेर फुटलं आणि इंटरनेटवर विकलं गेलं. त्यात आपल्या लातूर आणि सांगलीतूनही अटक झाली. कॅमेऱ्यांचे कच्चे, सोपे पासवर्ड चोरांच्या पथ्यावर पडले होते. एप्रिल २०२५ पासून कॅमेऱ्यांना सुरक्षेच्या चाचण्या सरकारने सक्तीच्या केल्या, हे बरंच झालं. पण आधीपासून भिंतीवर आहेत त्यांचं काय? त्यांचा पासवर्ड आपणच बदलायचा. आणि कॅमेरा झोपायच्या खोलीत, कपडे बदलतो तिथे नकोच, मग बसवणारा काहीही म्हणो.

अलार्म बसवून झाला की त्या पोराला म्हणायचं, 'थांब रे बाबा, आता मी लावून बघते.' कोड स्वतः टाकायचा, दार उघडून भोंगा वाजवायचा, बटण दाबून फोन कुणाकुणाला जातो ते बघायचं. त्या यादीत शेजारच्या काकूंचा नंबर पहिल्या दोनांत हवा, कारण नवरा असतो पन्नास किलोमीटरवर. बिलाचे पैसे त्यानंतर.