वस्तीतला ‘ढ’ पोरगा आणि आपली समता

दहावी-बारावीचा निकाल लागला की आमच्या वस्तीतल्या विहारात गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार होतो. बाबासाहेबांच्या प्रतिमेला हार, बुद्धवंदना, मग एकेकाला पुस्तक, पेन आणि गुलाबाचे फूल. मी अशा कार्यक्रमांत दहा-बारा वर्षे भाषणे ठोकत आलो आहे. यंदाही माईकवर म्हणालो, “आमची पोरं बुद्धीत कुणापेक्षा कमी नाहीत!” टाळ्या पडल्या. मागे दारात एक सतरा-अठरा वर्षांचा पोरगा सगळ्यांबरोबर टाळ्या वाजवत होता. सतरंज्या त्यानेच अंथरल्या होत्या, पाण्याचे जारही त्यानेच उचलून आणले होते. नववीत दोनदा नापास झाला आणि शाळा सुटली. पन्नासची नोट दिली तर किती परत घ्यायचे हे त्याला अजून नीट कळत नाही. वस्ती त्याला ‘येडा’ म्हणते. त्याचे खरे नाव मला त्याच्या आईला विचारावे लागले. हा लेख मी त्या लाजेतून लिहितो आहे.

मित्रांनो, तो येडा नाही. त्याला जे आहे त्याला सौम्य बौद्धिक अक्षमता म्हणतात. हा वेडेपणा नाही, मानसिक आजार नाही, आळस नाही आणि बाहेरची बाधा तर मुळीच नाही. अशा मुलाचा बुद्ध्यांक साधारण पन्नास ते सत्तरच्या दरम्यान असतो. पण नुसत्या आकड्यावर निदान होत नाही. रोजच्या जगण्यात, म्हणजे पैसे, वेळ, प्रवास, व्यवहार आणि माणसे ओळखण्यात, त्याला किती मदत लागते हेही पाहावे लागते. ही मुले उशिरा बोलतात, उशिरा वाचायला शिकतात, पण शिकतात. बहुतेकांचे पुस्तकी शिक्षण पाचवी-सहावीच्या पातळीपर्यंत जाते. मोठेपणी ती काम करू शकतात, संसार करू शकतात. अट एवढीच की कोणीतरी वेळेवर त्यांचा हात धरला पाहिजे.

अशी माणसे किती आहेत? २०११ च्या जनगणनेने देशभरात बौद्धिक अक्षमता असलेल्या सुमारे १५ लाख लोकांची नोंद केली. १२१ कोटींच्या देशात हे प्रमाण हजारी सव्वा भरते. जगभरातल्या अभ्यासांचा सर्वसाधारण अंदाज हजारी दहाच्या आसपास आहे, आणि गरीब देशांत तो जास्त आहे. मग बाकीचे गेले कुठे? यांच्यातले सुमारे ८५ टक्के लोक सौम्य प्रकारात मोडतात. चेहऱ्यावरून ते ओळखू येत नाहीत. मोजणीदाराला घरचे सांगत नाहीत, शाळेला फिकीर नाही. ते शेवटच्या बाकावर, वीटभट्टीवर, भंगाराच्या गाडीवर, धुण्याभांड्याच्या कामावर आहेत. मोजलेच नाहीत, तर त्यांच्यासाठी निधी कोण मागणार?

आता कारणे पाहू. काही कारणे जनुकीय असतात. डाऊन सिंड्रोम, फ्रॅजाइल एक्स यांसारख्या गोष्टी जात पाहून येत नाहीत, त्या बंगल्यातही होतात आणि झोपडीतही. मामाच्या मुलीशी लग्न करण्याची आपल्याकडची जुनी रीतही काही आनुवंशिक आजारांचा धोका वाढवते, हे आपण आपल्याच लोकांना स्पष्ट सांगितले पाहिजे. पण बाकीची यादी पाहा. गरोदरपणी आहारात आयोडीन कमी पडणे, बाईच्या अंगात रक्त नसणे, बाळ कमी वजनाचे जन्मणे, अडलेल्या बाळंतपणात वेळेवर गाडी न मिळाल्याने बाळ जन्मल्यावर लगेच न रडणे, मेंदूज्वर, पहिल्या दोन-तीन वर्षांतले कुपोषण. जुन्या बॅटऱ्या फोडणाऱ्या भंगारवाल्यांच्या घरात शिसे पोराच्या रक्तात जाते, आणि शिशाची सुरक्षित अशी मात्रा नाही. काही बाळांची थायरॉइड ग्रंथी जन्मतःच काम करत नाही. टाचेतून रक्ताचे थेंब घेऊन तपासणी केली आणि पहिल्या आठवड्यांतच औषध सुरू केले, तर त्या बाळाचा मेंदू वाचतो. स्वस्तातली गोळी आहे ती. पण तपासणी कुठे होते आणि कुठे होत नाही, हे तुम्हाला माहीत आहे.

सौम्य प्रकारात बऱ्याचदा एक ठळक कारण सापडतही नाही. थोडी आनुवंशिकता, थोडी उपासमार, थोडे आजारपण, आणि दिवसभर मजुरीवर गेलेल्या आईबापांमागे बाळाशी बोलायला कोणीच नसणे, हे सगळे एकावर एक साचत जाते. यात पूर्वजन्मीचे पाप कुठे आले? हे याच जन्मातले, याच व्यवस्थेचे पाप आहे.

इथे आपलेच काही कार्यकर्ते अडवतात. म्हणतात, “भाऊ, हे लिहू नका. आधीच ते आपल्याला मेरिट नाही म्हणून हिणवतात. वस्त्यांमध्ये मतिमंदत्व आहे असे तुम्हीच सांगितले तर त्यांच्या हातात कोलीत मिळेल.”

ही भीती मला समजते. ती खोटीही नाही. बुद्धिमापनाचा इतिहासच रक्ताने माखलेला आहे. १९०५ मध्ये पॅरिसमध्ये आल्फ्रेड बिने यांनी पहिली चाचणी तयार केली ती कोणत्या मुलांना जास्त मदत हवी हे शोधण्यासाठी. अमेरिकेत तीच चाचणी माणसांना कमअस्सल ठरवण्याचे हत्यार बनली. १९२७ मध्ये बाबासाहेब महाडला चवदार तळ्यावर माणूसपणाचा हक्क मागत होते. त्याच वर्षी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने कॅरी बक या गरीब तरुणीची सक्तीची नसबंदी कायदेशीर ठरवली, कारण तिला ‘दुर्बल बुद्धीची’ ठरवले होते. पुढे कळले की तिची शाळेतली प्रगती सर्वसाधारण होती. हिटलरच्या जर्मनीने तर अपंग आणि मनोरुग्णांना मारण्यासाठीच गॅसच्या खोल्या बांधल्या. कॅलिफोर्नियात काळ्या मुलांना बुद्ध्यांकाच्या नावाखाली मंदबुद्धींच्या वर्गात कोंबले जात होते. त्यांचे पालक कोर्टात गेले आणि १९७९ मध्ये लॅरी पी. खटला जिंकले. म्हणून घरची बोली वेगळी असलेल्या, पुस्तकाचे तोंडही न पाहिलेल्या आपल्या मुलावर अर्ध्या तासात ‘मतिमंद’ असा शिक्का मारणाऱ्याला आपण जाब विचारलाच पाहिजे. चाचणी मुलाच्या भाषेत व्हावी, घरचे वागणे-व्यवहार पाहिले जावेत, कान-डोळे आधी तपासले जावेत. अध्ययन अक्षमता असलेले मूल वेगळे आणि बौद्धिक अक्षमता असलेले मूल वेगळे, हेही तपासणाऱ्याला कळले पाहिजे.

पण खोट्या शिक्क्याच्या भीतीने खरे मूल लपवायचे? हे उत्तर नाही, ही शरणागती आहे. “आम्ही ढ नाही” असे ओरडताना आपण नकळत मान्य करतो की ढ असणाऱ्याला माणूस म्हणून कमी लेखायला हरकत नाही. मेरिटवाल्यांचा मूळ सिद्धांतच आपण स्वीकारतो, फक्त त्यातून स्वतःला सोडवून घेतो. मनूने जन्मावरून उतरंड रचली. आपण मार्कांवरून नवी उतरंड रचणार आहोत का?

बाबासाहेबांनी १९३६ मध्ये ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये या प्रश्नाला थेट हात घातला आहे. माणसे समान नसतात, हा आक्षेप त्यांनी टाळला नाही. माणसाची कुवत तीन गोष्टींवर ठरते असे ते सांगतात. जन्माने मिळालेले शरीर, आईबापांची काळजी व शिक्षण यांतून मिळालेला सामाजिक वारसा, आणि स्वतःचे प्रयत्न. पहिल्या दोन गोष्टी माणसाच्या हातात नाहीत. त्यांच्या जोरावर स्पर्धा लावली तर आधीच ज्यांच्या पदरात पडले आहे तेच पुन्हा निवडले जाणार. म्हणून समता ही वस्तुस्थिती नसली, तरी वागण्याचे तत्त्व तेच असले पाहिजे, असा त्यांचा युक्तिवाद आहे. हा युक्तिवाद आपण आरक्षणासाठी शंभर वेळा वापरतो. सतरंज्या उचलणाऱ्या त्या पोराला तो लागू नाही का? सायमन कमिशनपुढे बाबासाहेबांनी प्रौढ मताधिकार मागितला तेव्हा अडाण्यांना मतातले काय कळते, असेच विचारले जात होते. आज त्या पोराच्या मताची किंमत तुमच्या-माझ्या मताएवढीच आहे. प्रत्येक माणसाचे मोल सारखे, हे संविधानाने मानले. वस्तीने अजून मानलेले नाही.

आता कामाचे बोलू. कायदा आपल्या बाजूने आहे, पण वापरतो कोण? २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात बौद्धिक अक्षमता स्पष्ट नोंदलेली आहे. प्रमाणपत्रात सौम्य अक्षमतेला ५० टक्के धरतात, आणि सवलतींसाठी ४० टक्के पुरेसे असतात. म्हणजे आपला पोरगा त्यात बसतो. सहा ते अठरा वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. सरकारी नोकरीतल्या ४ टक्के दिव्यांग आरक्षणात बौद्धिक अक्षमतेचाही समावेश आहे. हे आरक्षण आडवे असते, जातीच्या आरक्षणाला ते धक्का लावत नाही. या कायद्याच्या कलम ९२ नुसार दिव्यांग व्यक्तीचा चारचौघांत हेतुपुरस्सर अपमान करणे हा गुन्हा आहे, शिक्षा सहा महिने ते पाच वर्षे. कायद्याने याला अत्याचार हाच शब्द वापरला आहे. अॅट्रॉसिटीचा अर्थ आपल्याला कोणी शिकवायला नको. मग वस्तीतल्या कट्ट्यावर रोज चालते ते काय आहे?

मुलींचे तर आणखी बिकट. १९९४ मध्ये पुण्यात सरकारी संस्थेतल्या मतिमंद मुलींची गर्भाशये काढली गेली, पाळीची कटकट नको म्हणून. २००९ मध्ये चंडीगढच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की सौम्य मतिमंदत्व म्हणजे मानसिक आजार नव्हे, आणि अशा स्त्रीच्या संमतीशिवाय तिचा गर्भपात करता येणार नाही. तिच्या शरीरावर तिचा हक्क आहे. मात्र हे तिला शिकवावे लागते. चांगला स्पर्श, वाईट स्पर्श, ‘नाही’ कसे म्हणायचे, कोणाला सांगायचे, हे सोप्या शब्दांत आणि पुन्हा पुन्हा. घरात कोंडून ठेवणे म्हणजे संरक्षण नव्हे.

आपल्या मंडळाने करायची कामे अवघड नाहीत. गरोदर बायकांची नोंद, आयोडीनयुक्त मीठ आणि रक्तवाढीच्या गोळ्या यांबाबत आशाताईंना साथ द्या. दोन वर्षांचे होऊनही न बोलणारे मूल दिसले तर अंगणवाडीत येणाऱ्या तपासणी पथकाकडे न्या. जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठीचा हा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये आपल्याच पालघरमधून सुरू झाला. पुढच्या उपचारांसाठी जिल्हा रुग्णालयातल्या केंद्राचा आग्रह धरा. प्रमाणपत्रासाठी मजुरी बुडवून चार खेटे घालणाऱ्या आईबरोबर एक शिकलेला कार्यकर्ता पाठवा. अभ्यासिकेत एक कोपरा असा ठेवा की जिथे खऱ्या नोटा-नाण्यांनी हिशेब, घड्याळ, बसची पाटी, मोबाईल आणि सही शिकवली जाईल. एका वेळी एकच सूचना द्या, करून दाखवा, करून घ्या, चुकला तर हसू नका. आणि ठेकेदार त्याची मजुरी मारतो तेव्हा त्याच्या बाजूने उभे राहा.

चुल्लपंथकाची गोष्ट आपल्यातल्या अनेकांनी विहारात ऐकली असेल. चार महिने झाले तरी त्याला एक गाथा पाठ होईना. सख्ख्या भावाने, जो स्वतः विद्वान भिक्खू होता, त्याला संघातून निघून जा म्हटले. तो रडत दाराशी उभा होता. अट्ठकथेने या मंदपणाला पूर्वजन्माचे कारण चिकटवले आहे, ते सोडून द्या. बुद्धांनी काय केले ते पाहा. गाथा बाजूला ठेवली, त्याच्या हातात स्वच्छ पांढरे कापड दिले आणि ते चोळत राहायला सांगितले. कापड मळत गेले तसे त्याला अनित्यता कळत गेली. शिष्य बदलला नाही, शिकवण्याची रीत बदलली.

विद्वान भावाची भूमिका आजवर आपण फार छान वठवली. पुढच्या वर्षीच्या सत्कारात त्या पोराला सतरंजीवर नाही, व्यासपीठावर बसवायचे आहे. पन्नासच्या नोटेचा हिशेब त्याला आला म्हणून टाळ्या वाजवायच्या आहेत. तोवर कामाला लागू.

जयभीम!