पेल्यांतलें पाणी आमचें, धान्य परमुलखाचें

गेल्या हिवाळ्यांत आठ दिवस पुण्यास भाच्याकडे राहण्याचा योग आला. एके दिवशीं सायंकाळीं तो म्हणाला, "मामा, तुम्हांला एक गिरणी दाखवितों. धान्य आंत जातें, पण पीठ बाहेर येत नाहीं." त्यानें नेलें तें एक उपाहारगृह निघालें. कांचेच्या भिंतीपलीकडे पोलादी पिंपें ओळीनें उभीं होतीं आणि अलीकडे फळ्यावर त्या दिवशीं तोटीला असलेल्या बिअरांचीं नांवें खडूनें लिहिलीं होतीं. नांवें नऊ होतीं. त्यांपैकीं एकही मला धड उच्चारितां आलें नाहीं. आमच्या घरांत दोन पिढ्यांची माळ आहे, तेव्हां पेला भाच्यानें उचलावा व वास मात्र मीं घ्यावा अशी वांटणी ठरली. दारूचा विषय शेतकी मासिकांत कशाला, असें कोणी वाचक म्हणतील. परंतु बिअर हें धान्याचें पेय आहे, आणि धान्य व पाणी हे दोन्ही विषय आमचेच आहेत.

पहिला पेला गव्हाच्या बिअरचा, ताकासारखा गढूळ. त्यास पिकल्या केळ्याचा व लवंगेचा वास होता. केळीं किती घालतां, असें मीं विचारिलें तेव्हां तेथील कारागीर हंसला. केळें नाहीं आणि लवंगही नाहीं. जर्मन पद्धतीच्या एका विशिष्ट यीस्टचें, म्हणजे किण्वाचें, तें काम. दुसऱ्यांत मात्र खरोखरीच धणे व संत्र्याची साल होती. ही बेल्जमची जुनी रीत. तिसरा काळा कुळकुळीत, त्यास भाजलेल्या कॉफीचा वास. पण त्यांत कॉफीचा कण नव्हता. धान्य किती भाजलें एवढाच काय तो फरक. चौथ्याला लिंबाच्या सालीचा व राळेचा मिश्र वास आणि, भाच्याच्या तोंडावरून दिसलें त्याप्रमाणें, कडूपणा कारल्याचा. तो हॉप नांवाच्या वेलीच्या फुलांचा गुण. म्हणजे पाणी, मोड आणून वाळविलेलें धान्य, हॉपचीं फुलें व यीस्ट ह्या चार वस्तूंच्या फेरफारानें हे सगळे स्वाद निघतात. वरून घातलेला मसाला थोडा. आमच्या घरोघरच्या काळ्या मसाल्याप्रमाणेंच जिन्नस तेच, हात निराळा.

अशा लहान भट्ट्यांची पुण्यास आतां कांहीं नवलाई राहिलेली नाहीं. २००९ सालीं 'दूलाली' नांवाची भट्टी तेथें निघाली, तेव्हांपासून ही हवा सुरू झाली. पुढें 'ग्रेट स्टेट एलवर्क्स' ह्या मंडळींनीं मीठ घातलेली कोकमाची बिअर काढिली, 'मूनशाइन मीडरी'नें मध आंबवून त्यांत पेरू व मिरचीचा स्वाद आणिला. कोंकणचें कोकम पेल्यांत गेलें, पेरू गेला, मध गेला. मग मीं साहजिकच विचारिलें कीं, ज्वारीची कोणती? कारागिरानें फळ्याकडे पाहिलें आणि मान हालविली. ज्वारीची एकही नाहीं. धान्य सातूचें, तें राजस्थान व हरियाणाकडून येतें. कांहीं खास भाजलेला माल जर्मनी-बेल्जमहून. हॉपचीं फुलें तर परदेशचींच, कारण त्या वेलीस उन्हाळ्यांत फार लांब दिवस लागतात व ते आमच्या अक्षांशांवर मिळत नाहींत. येथलें काय, तर पाणी.

हें उत्तर ऐकून मला वाळूज आठवलें. छत्रपति संभाजीनगरच्या आसपास, म्हणजे तेव्हांच्या औरंगाबादेजवळ, बिअरचे मोठमोठे कारखाने आहेत हें सर्वांस ठाऊक आहे. त्यांस पाणी जायकवाडीचें. मोठ्या कारखान्यांत एक लिटर बिअरमागें साधारण चार-पांच लिटर पाणी खर्ची पडतें, लहान भट्टींत त्याहूनही अधिक. २०१६ च्या एप्रिलांत लातूरकरांनीं रेल्वेचें पाणी प्यालें. १२ एप्रिल रोजीं मिरजेहून पहिली गाडी आली, दहा वाघिणींची, सुमारें पांच लाख लिटरांची. पुढें पन्नास वाघिणींच्या गाड्या पंचवीस लाख लिटर आणूं लागल्या. त्याच महिन्यांत उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानें मद्याच्या कारखान्यांच्या पाण्यांत साठ टक्क्यांपर्यंत कपात करण्याचा आदेश दिला. त्या वेळीं आमच्याकडील प्रत्येक पारावर बिअरवाल्यांच्या नांवानें बोटें मोडलीं गेलीं. मीही मोडलीं. पण कारकुनाच्या जातीस हिशोबाची खोड असते. उसाच्या एका एकरास हंगामभर मिळून पाणी लिटरांच्या कोटीच्या घरांत लागतें. म्हणजे एक एकर ऊस म्हणजे पन्नास वाघिणींच्या चार गाड्या. हा आंकडा मांडल्यावर पारावरचे निम्मे लोक उठून गेले, कारण त्यांचा ऊस मांजरेच्या काठीं उभा होता.

तेव्हां पाणी घेतात एवढ्यावरून भांडण्यास आम्ही फारसे मोकळे नाहीं. माझें म्हणणें निराळें आहे. आमचें पाणी घेऊन जो धंदा चालतो, त्याच्या पोत्यांत आमच्या शिवाराचें धान्य कां नसावें?

ज्वारीची बिअर होत नाहीं असें समजूं नये. आफ्रिका खंडांत खेडोपाडीं ज्वारीस मोड आणून पेय करण्याची रीत पुरातन आहे. नायजेरियानें १९८८ सालीं सातूच्या माल्टची आयात बंद केली, तेव्हां तेथील कारखान्यांस ज्वारी व मका पत्करावा लागला आणि कारखाने बंद पडले नाहींत. युगांडांत २००२ सालीं नाइल ब्रुअरीजनें एपुरिपुर ह्या तेथल्याच पांढऱ्या ज्वारीची 'ईगल' बिअर काढिली. ज्वारी लहान शेतकऱ्यांकडून घेतली जाते म्हणून सरकारनें तीवरील अबकारी कर उतरविला. आमची ज्वारीही पांढरी, तुरटपणा कमी असलेली.

अडचणी आहेत, त्या लपवीत नाहीं. ज्वारीचें पीठ शिजण्यास सातूपेक्षां अधिक उष्णता लागते, म्हणून तें आधीं वेगळें शिजवून घ्यावें लागतें. पिठाची साखर करणारें द्रव्य मोडाच्या सातूंत जितकें असतें तितकें ज्वारींत नसतें. आणि सर्वांत महत्त्वाचें म्हणजे, कोवळ्या ज्वारीचे पोंगे खाऊन जनावर दगावतें हें आपण जाणतोंच. तोच विषाचा अंश मोडांत व त्यांच्या मुळ्यांत असतो, तेव्हां मोड चांगले वाळवून, चोळून, पाखडून काढणें अवश्य आहे. हीं सर्व कामें रीतसर करणाऱ्या कारागिराचीं आहेत. पण अशक्य कोटींतलीं नव्हेत.

येथें एक जुनी गोष्ट आठवण करून देतों. २००७ सालीं सरकारनें धान्यापासून मद्यार्क काढणाऱ्या कारखान्यांस लिटरमागें दहा रुपये साहाय्य देण्याचें धोरण आंखलें होतें. पावसांत भिजून काळी पडलेली ज्वारी कोणी घेत नाहीं, तिला गिऱ्हाईक मिळेल, अशी तेव्हां समजूत घालण्यांत आली. डॉ. अभय बंग यांच्यासारख्यांनीं त्यास कडवा विरोध केला, मोठा गवगवा झाला आणि पुढें तें धोरण आवरतें घ्यावें लागलें. तें गेलें तें बरें झालें, असें माझें स्पष्ट मत आहे. खजिन्यांतला पैसा भट्टीच्या मालकास, आणि शेतकऱ्यास काय, तर सडक्या धान्याचा सडका भाव! माल्टचें तसें नाहीं. बुरशी लागलेल्या दाण्यास मोडच येत नाहीं. माल्टवाल्यास टपोरा, निरोगी, एका वाणाचा दाणा लागतो, आणि तो हवा असेल तर त्याला भावही तसाच द्यावा लागेल.

मात्र आपल्या रब्बीच्या मालदांडीवर कोणी डोळा ठेवूं नये. ती भाकरीची ज्वारी. बाजारांत तिला हमीभावाहून चांगला भाव मिळतो. प्रश्न खरिपाच्या संकरित ज्वारीचा आहे. लातूर-नांदेडकडे एके काळीं खरिपांत ज्वारीच ज्वारी असे. सोयाबीन आलें आणि ती बांधापुरती उरली. तिच्याबरोबर कडबाही गेला, आणि कडब्याबरोबर दावणीचीं जनावरें. सोयाबीनचा भाव पडला म्हणजे आपण रस्त्यावर बसतों, पण पेरतांना दुसरें नांव आठवत नाहीं, कारण दुसऱ्यास गिऱ्हाईक नाहीं.

आतां हिशोब. एक लिटर बिअरला सुमारें दोनशें ग्रॅम धान्य लागतें, अर्ध्या लिटरच्या पेल्यास शंभर ग्रॅम. २०२४-२५ च्या हंगामांत संकरित ज्वारीचा हमीभाव क्विंटलास ३,३७१ रुपये होता. सगळें धान्य ज्वारीचें धरलें तरी पेल्यांत तिचे तीन रुपये सदतीस पैसे. भाच्यानें त्या पेल्यास तीनशेंहून अधिक रुपये मोजलेले मीं डोळ्यांनीं पाहिले. आणखी पुढें पहा. रोज पांचशें लिटर काढणाऱ्या भट्टीस दिवसाला एक क्विंटल, वर्षाला ३६५ क्विंटल धान्य लागेल. त्यांत निम्मी ज्वारी घेतली तर १८२ क्विंटल, म्हणजे एकरीं साडेचार क्विंटल उतारा धरितां चाळीस एकरांचें पीक. चाळीस एकर! एका मोठ्या गांवचा एक कोपरा. तेव्हां बिअरनें ज्वारीचे दिवस पालटतील असें जर कोणी व्याख्यानांत सांगूं लागला, तर त्यास हा हिशोब दाखवावा.

म्हणूनच माझ्या मतें आपला डोळा पेल्यावर नसावा, माल्टवर असावा. दाणा भिजविणें, मोड आणणें, वाळविणें, भाजणें, ही कामें आमच्या सहकारी संस्थेच्या आवाक्यांतलीं आहेत. शंभर किलो दाण्याचें सुमारें ऐंशी किलो माल्ट उतरतें, आणि तें केवळ भट्टीस जातें असें नाहीं. लहान मुलांचें सत्त्व, बिस्किटें, आजाऱ्याची पेज, सर्वांस तें चालतें. भट्टीवाल्यानें घेतलें तर उत्तम, न घेतलें तरी वखार अडून राहणार नाहीं.

घरें बुडविणाऱ्या व्यसनास ही नवी वाट नव्हे काय, असा आक्षेप माझ्या घरांतूनच आला आहे. त्याला माझ्याकडे सोपें उत्तर नाहीं. महसूल खात्याच्या नोकरींत फेरफाराच्या किती नोंदी मीं लिहिल्या असतील याची गणती नाहीं. जमीन विकण्याचें कारण त्या रकान्यांत लिहावयाचें नसतें; परंतु विकणाऱ्याच्या तोंडाचा वास टेबलापर्यंत येत असे आणि मागें त्याची बायको पदर तोंडाला लावून उभी असे. तेव्हां जेथें बायकांनीं मतदान करून बाटली आडवी केली आहे, तेथें ती आडवीच राहिली पाहिजे. बिअरच्या नांवाखालीं तेथें कोणतीही पळवाट असूं नये. शहरांतील भट्टीस ज्वारी विकणें आणि गांवांत दुकान आणणें ह्या दोन गोष्टी भिन्न आहेत. त्या भिन्न ठेवण्याचें बळ आपल्या ग्रामसभेंत नसेल, तर हा सगळा विचारच सोडून द्यावा हें मला मान्य आहे.

आपल्या संस्थेनें दोन अर्ज करावे असें सुचवितों. पहिला परभणीच्या कृषि विद्यापीठास, कीं खरिपाच्या कोणत्या वाणास मोड सारखे येतात व माल्ट किती उतरतें हें पाहून द्यावें. दुसरा सरकारास. २००१ सालीं द्राक्षाच्या वाइनकरितां नाशिककडील बागाईतदारांस अबकारींत सवलत मिळाली. निम्मी ज्वारी वापरणाऱ्या लहान भट्टीस तशीच सवलत द्यावी, मात्र रोख साहाय्य कोणासही देऊं नये.

मीं स्वतः येळवसेच्या आधीं घरच्या मालदांडीचे पांच किलो दाणे रात्रभर भिजवून गोणपाटांत बांधले. तिसऱ्या दिवशीं मोड बोटाच्या पेराएवढे झाले. उन्हांत कडक वाळवून, मोड चोळून पाखडून काढले, तव्यावर मंद भाजले. वजन केलें तें चार किलोंस थोडें कमी भरलें. त्याचें पीठ येळवसेच्या आंबिलींत निम्मेशिम्मे मिसळून नीट शिजविलें. गूळ न घालतां गोडी आली. आंबील पिऊन बांधावर डुलकी लागत नाहीं असा शेतकरी आमच्याकडे विरळाच. यंदाची डुलकी नेहमीपेक्षां मोठी होती असें सालगड्याचें म्हणणें पडलें. राहिलेलें दीड किलो पीठ डब्यांत आहे, तें पुढल्या सभेस घेऊन येतों.