ओसरीवरून : दोन सपाट मुलूख

आमच्या वहिनी सहा महिने कॅनडांत राहून गेल्या वैशाखांत तलवाड्यास परत आल्या, तेव्हांपासून आमच्या ओसरीवर एक नवाच विषय निघूं लागला आहे. पूर्वीं दिवेलागणीस चार मंडळी बसली म्हणजे पाऊस, कापूस आणि गेवराईचा बाजारभाव ह्यांपलीकडे गोष्ट जात नसे. आतां रेजायना शहरीं बर्फ पडलें कीं नाहीं, तेथील मसूर यंदा कशी उतरली, ह्याचीही विचारपूस होते. आणि ती करणाऱ्यांत ज्यांनीं पुण्यापलीकडे पाऊल टाकलेलें नाहीं असेही गृहस्थ आहेत.

वहिनींचा मुलगा, आमचा पुतण्या, त्या रेजायनांत एका कचेरींत संगणकाचें काम करितो. प्रांताचें नांव सास्काचेवान. वाचकांपैकीं पुष्कळांच्या घरचें कोणी ना कोणी परदेशीं असेल, व तिकडील उंच इमारतींचीं आणि भरलेल्या दुकानांचीं वर्णनें ऐकून त्यांचे कान किटले असतील. हा मुलूख त्यांतला नव्हे. मॅनिटोबा, सास्काचेवान व आल्बर्टा ह्या तीन प्रांतांच्या दक्षिणभागीं जें विस्तीर्ण गवताळ मैदान पसरलें आहे, त्याचा हा मधला तुकडा. गहूं, तेलबिया आणि डाळी पिकविणाऱ्या शेतकऱ्यांचा देश. तेथें उतरल्यावर तिसऱ्या दिवशीं वहिनींनीं फोनवरून सांगितलें, "भाऊजी, हे तर आपलं गोदाकाठचं रानच आहे. नुसती माणसं तेवढी कुणी उचलून नेलीत."

हें वाक्य आमच्या मनांतून जाईना. जन्मभर मुलांकडून नकाशे भरून घेतल्याची खोड; आम्हीं आंकडे काढून बसलों. सास्काचेवानचें क्षेत्रफळ साडेसहा लक्ष चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या महाराष्ट्राच्या दुपटीहून अधिक. आणि २०२१ च्या शिरगणतींत तेथील माणसें भरलीं ११ लक्ष ३२ हजार. एकट्या बीड जिल्ह्यांत २०११ सालींच २५ लक्ष ८५ हजार लोक होते. म्हणजे बीड जिल्ह्यांतील निम्म्याहून थोडे लोक दोन महाराष्ट्रांवर विखुरले तर जें होईल, तें तें आहे.

परंतु 'कोणी उचलून नेलीं' हे शब्द वहिनींच्या तोंडून सहज निघाले ते इतिहासास धरून आहेत, हें आम्हांस मागाहून कळलें. रेजायना ह्या लॅटिन शब्दाचा अर्थ राणी. आमच्या संस्कृतांतील 'राज्ञी' ही त्याच कुळांतील, म्हणून तें नांव प्रथम ऐकतांच आम्हांस घरचेंच वाटलें होतें. तें व्हिक्टोरिया राणीच्या सन्मानार्थ १८८२ सालीं दिलें. तत्पूर्वीं तेथील मूळच्या क्री लोकांच्या भाषेंत त्या जागेस 'हाडांचा ढीग' अशा अर्थाचें नांव होतें. त्या मैदानावर रानगव्यांचे अफाट कळप चरत असत व क्री आदिकरून लोकांचें सारें जीवन त्यांवर चाले. हे कळप थोड्याच वर्षांत मारून संपविण्यांत आले, १८७४ सालीं त्या भागांतील लोकांशीं करारनामा होऊन ते राखीव तुकड्यांवर जाऊन राहिले, आणि मोकळी झालेली भुई १८७२ च्या कायद्यान्वयें मैल-मैलाचे चौरस पाडून बाहेरून आलेल्या वसाहतवाल्यांस वांटली गेली. दहा डॉलर शुल्क भरावें, तीन वर्षें राहून जमीन वाहून दाखवावी, कीं १६० एकर आपले. रस्ते व बांध आजही त्याच सरळ रेघांनीं जातात. आमच्या आठ एकरांचा बांध एका बाभळीपासून निघून ओढ्यास वळसा घालून कोठें हरवतो, ह्यावर तीन पिढ्या कज्जे चालले. तेव्हां त्या सरळ रेघांचा आम्हांस प्रथम हेवा वाटला. त्या कोणत्या पाटीवर ओढल्या हें कळल्यावर तो राहिला नाहीं.

नांवांचा विषय निघालाच आहे तर आणखी एक. सास्काचेवान हा क्री शब्द; वेगानें वाहणारी नदी, असा त्याचा अर्थ. आमच्या गांवची देवता टेकडीवरील त्वरितादेवी. 'त्वर्' धातूपासून आलेली ती त्वरिता, म्हणजे भक्ताच्या हांकेस विलंब न लावणारी. पृथ्वीच्या दोन टोकांच्या दोन मैदानांस, जेथें कांहींच लवकर घडत नाहीं अशा ठिकाणीं, दोन्हीं नांवें वेगाचींच पडावींत ही गंमत आम्हीं वहिनींस सांगितली. त्या म्हणाल्या, "तिथली नदी चार-पाच महिने बर्फ होऊन पडलेली असते, भाऊजी. पण देवीला आमची हाक गेली असेल एवढ्या लांबून, तर खरंच त्वरिता म्हणायची."

हांक मारण्यासारखें तेथें होतें खरें. पारा शून्याखालीं तीस अंश जातो, कधीं चाळीसही. रात्रीं मोटारींस विजेची दोरी जोडून त्यांचें यंत्र ऊबदार ठेवावें लागतें, नाहीं तर सकाळीं त्या हालत नाहींत. वहिनी ह्यास 'गाडीला दावं लावणं' म्हणत, आणि पुतण्या विसरला तर आमच्या वडिलांनीं बैल मोकळा राहिला म्हणून जसें रागें भरावें तशा रागें भरत. पण थंडीपेक्षां त्यांस जड गेला तो दिवस. मुलगा व सून कामास गेलीं, दार लोटलें, कीं संध्याकाळपर्यंत त्या दारावर थाप नाहीं. शेजारीं सज्जन. अंगणांतला बर्फ न सांगतां काढून देणारे. खेड्याकडच्या रस्त्यावर समोरून येणारा अनोळखी शेतकरीही मोटारीच्या चाकावरचें एक बोट उचलून रामराम करितो, ह्याचें वहिनींस फार कौतुक. हवेविषयीं तर ते लोक आपल्याहूनही अधिक बोलतात. पण फोन केल्यावांचून कोणी कोणाकडे जात नाहीं. वहिनींचें मत असें, कीं तेथला माणूस चांगला आहे, परंतु तो ठरवून भेटतो. आणि न ठरवितां भेटण्याची संवय लागलेल्या माणसास ठरवून भेटणें म्हणजे औषध घेतल्यासारखें होतें.

उलट आम्ही म्हणतों, आमच्याकडील न ठरवितां भेटण्याचाही एक जाच आहे. पगार किती, मुलीचें कोठें जमलें, जमीन विकणार काय, हे प्रश्न आमच्याकडे पारावर भरसभेंत विचारले जातात. तेथें सहा महिन्यांत वहिनींस त्यांचें वय कोणी विचारलें नाहीं. ही गोष्ट त्यांनीं तक्रारीच्या सुरांत सांगितली. आमच्या कुटुंबास मात्र ती फार आवडली.

तेथील खेडीं ओस पडत चाललीं आहेत. पूर्वीं आगगाडीच्या रुळांलगत दर कांहीं मैलांवर धान्य सांठविण्याचें उंच लांकडी कोठार असे व त्याच्या सांवलीस एक गांव. १९३० नंतरच्या दशकांत तीनही प्रांत मिळून अशीं पांच हजारांवर कोठारें होतीं. आतां यंत्रें प्रचंड झालीं, सरासरी शेत सतराशें एकरांहून मोठें झालें, रुळ उखडले, कोठारें पाडलीं, आणि त्यांबरोबर शाळा व वाणसौद्याचीं दुकानेंही गेलीं. हें ऐकतांना आमच्या डोळ्यांपुढें आमचीच शाळा आली. दसरा झाला कीं आमच्या जिल्ह्यांतून लाखों माणसें ऊसतोडीस निघतात. मुकादमाची उचल घेतलेली जोडपीं कोयता, भांडीं आणि लेंकरें गाडींत घालून जातात, तीं उन्हाळ्यांत परततात. दिवाळीनंतर हजेरीपत्रकावर नांवें चाळीस आणि पुढें बसलेलीं मुलें बावीस, असें आम्हीं किती वर्षें पाहिलें! एकदां एका मुलीनें जातांना आपली पाटी आमच्याकडे ठेवावयास दिली होती. ती परत आली तेव्हां पाढे विसरली होती, पण हातावर कोयत्याची खूण होती. त्यांचीं गांवें एकदांच रितीं झालीं. आमचीं दरवर्षीं होतात व दरवर्षीं भरतात. कोणतें बरें, हें आम्हांस ठरवितां येत नाहीं.

आतां मसुरीचें. आमच्या मातोश्री चातुर्मासांत मसुरीस स्वयंपाकघरांत पाऊल ठेवूं देत नसत. एरवींही ती आमच्याकडे क्वचित् शिजे. आपला प्रांत तुरीचा. पण गेल्या कांहीं वर्षांत तूरडाळ महागली कीं वाण्याकडून मसूर व वाटाण्याची डाळ येऊं लागली, आणि तिचें पोतें कोठून येतें हें पाहतां तें बहुशः ह्याच सास्काचेवानांतून! तेथें पूर्वीं गव्हावांचून दुसरें पीक फारसें नव्हतें. १९७० च्या सुमारास गहूं इतका सांचला कीं घ्यावयास गिऱ्हाईक मिळेना. तेव्हां सास्काटूनच्या विद्यापीठांत स्लिंकार्ड नांवाच्या संशोधकानें मसुरीचें बियाणें सुधारण्याचें काम हातीं घेतलें. १९७८ सालीं त्याची पहिली जात बाहेर आली, आणि दोन पिढ्यांच्या आंत, जेथें मसूर कोणी खात नव्हतें तो मुलूख जगास मसूर पुरवूं लागला. वैशाखांत पेरावी, श्रावण-भाद्रपदांत काढावी. मध्यें दंव नसलेले दिवस शंभर-सव्वाशेंच. पाऊस वर्षाकांठीं चारशें मिलिमीटरच्या आंत, आमच्याहूनही कमी. त्या लोकांच्या उद्योगास नांवें ठेवावयास जागा नाहीं.

पण ह्या उद्योगाचें दुसरें टोक आमच्या बांधाशीं येऊन टेकतें. केंद्र सरकारनें २०१७ सालीं बाहेरच्या पिवळ्या वाटाण्यावर ५० टक्के जकात बसविली, २०२३ च्या डिसेंबरांत ती पार उठविली, आणि २०२५ च्या नोव्हेंबरांत पुन्हां ३० टक्के बसविली. दार लागलें कीं पुतण्याच्या ओळखीचा तेथील शेतकरी हवालदिल होतो, उघडलें कीं आमचा बटाईदार. २०२५-२६ सालाकरितां तुरीचा हमीभाव ८,००० रुपये क्विंटल ठरला आहे. त्याच्या आदल्या हंगामांत आमची तूर त्या वेळच्या हमीभावाच्याही खालीं गेली, व ती घेणाऱ्या व्यापाऱ्यानें आम्हांस वाटाण्याच्या जहाजांचा दाखला दिला. बटाईदार ओसरीच्या पायरीवर बसून म्हणाला, "गुर्जी, तुमच्या पुतन्याला इचारा, तिकडचं आभाळ फाटत न्हाई का कधी?" फाटतें, असें आम्हीं त्यास सांगितलें. १९३० नंतर तेथें ओळीनें वर्षें कोरडीं गेलीं, माती उडून आभाळ काळें झालें, कुटुंबेंच्या कुटुंबें घर सोडून गेलीं. तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "मंग त्यांला बी कुनी भाव देत नसंल."

आम्ही त्याच्या बाजूचे आहों. बाहेरच्या डाळीस दार उघडण्याचा वायदा निदान पेरणीपूर्वीं कळावा, पीक खळ्यांत आल्यावर नव्हे, एवढें आमचें स्पष्ट मत आहे. पण कबूल केलें पाहिजे, कीं ज्या आठवड्यांत आम्हीं तुरीच्या भावाबद्दल हळहळलों त्याच आठवड्यांत आमच्या घरीं स्वस्त म्हणून मसूर आली व आम्हीं ती जेवलों. आणि १९७२ च्या दुष्काळांत आम्ही अकरा वर्षांचे असतांना ज्या तांबड्या मिलोच्या भाकरीवर व सुकडीवर दिवस काढले, ती मिलो परदेशाहूनच आली होती.

२०२५ च्या सप्टेंबरांतील अतिवृष्टीनें गोदाकांठचीं पिकें बुडालीं. आमचें शेत माळाकडे चढतें असल्यामुळें निम्मी तूर वांचली. त्याच सुमारास पुतण्याचा फोन आला. फोन सकाळीं साडेसहास येतो, तेव्हां तेथें आदल्या दिवसाचे सायंकाळचे सात वाजलेले असतात. घड्याळ तेथें ऋतूप्रमाणें पुढें-मागें करीत नाहींत, म्हणून हें साडेअकरा तासांचें अंतर बारा महिने ठरलेलें. तो म्हणाला, "काका, बाबांच्या वाटणीचे चार एकर आता काढून टाकू. आई कायमची इकडे येईल." त्याचें चुकतें असें आम्हांस म्हणवत नाहीं. त्याच्या वयाच्या माणसानें आईस साठी उलटल्यावर पुरांत एकटें ठेवूं नये, आणि आम्हीही कांहीं अमर नाहीं. तथापि तो बोलत असतां वहिनी पलीकडे सुपांत तूर पाखडीत होत्या, आणि सूप थांबलें नाहीं.

कागद तयार होऊन आले आहेत. ते देवघराच्या कोनाड्यांत ठेविले आहेत. वहिनींनीं सही केलेली नाहीं, आणि करणार नाहीं असेंही म्हटलेलें नाहीं. काल त्यांनीं फोनवर मुलास दोनच गोष्टी विचारल्या. गाडीला दावें लावलें काय, आणि तिकडे तूर येईल काय. तो हंसला व म्हणाला, इतकी थंडी तुरीस सोसत नाहीं.

वहिनींनीं फोन आमच्या हातांत दिला आणि बटाईदारास चहा टाकावयास त्या आंत गेल्या.