‘लेन्स गेली’ म्हणे!

‘लेन्स गेली’ ह्या दोन शब्दांचा मला हल्ली फार राग येऊ लागला आहे. आमच्या मालवण-कुडाळकडे कुणाचे फोटो जरा अस्पष्ट आले की तो दुकान गाठतो, गल्ल्यावरचा मनुष्य झूमची रिंग दोनदा फिरवतो आणि निकाल देतो, "गुरुजीनू, लेन्स गेली. नवीच घेवा." मला हे ऐकवलं तेव्हा त्याने लेन्स कॅमेऱ्याला लावूनही पाहिली नव्हती. नव्या लेन्सची किंमत मात्र तोंडपाठ!

तो माणूस वाईट नाही, चहाही पाजतो. माझं भांडण तपासल्यावाचून निदान करण्याच्या सवयीशी आहे. मागच्या बाकावरच्या पोराला फळा दिसतो का, हे न विचारता त्याला ‘ढ’ ठरवणारे मी शाळेत पुष्कळ पाहिले. हा त्यातलाच प्रकार.

लेन्सवरचं ऑटो-मॅन्युअलचं बटण पिशवीत घासून सरकतं, ते आधी बघा. मोठ्या झूमवर आणखी एक बटण असतं, ‘जवळचं शोधू नकोस’ असं सांगणारं. ते चालू असेल तर चार हातांवरच्या बगळ्यावर फोकस होणारच नाही. मागचे सोनेरी कॉन्टॅक्ट कॅमेरा बंद करून सुक्या मऊ कापडाने पुसा, आपली हवा खारी आहे.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. फोटोच्या बहुतेक झूम लेन्सांत झूम बदलला की फोकस सरकतो. ती बनावटच तशी. आधी फोकस आणि मग झूम करणाऱ्याने लेन्सला दोष देऊ नये.

सेकंडहँड लेन्सची गंमत वेगळीच. निकॉनच्या २००६ सालच्या डी-४० मध्ये फोकसची मोटर नव्हती, पुढच्या बऱ्याच छोट्या डीएसएलआरमध्येही नाही. जुन्या ‘एएफ’ लेन्सांना स्वतःची मोटर नसते. अशी ७०-३०० त्या कॅमेऱ्यावर आपोआप फोकस करणार कशी? हाताने रिंग फिरवा, उत्तम चालते. तीही ‘गेली’!

"आपल्याकडच्या दमट हवेत बुरशी येते" असं सांगतात. येते, खरं आहे. पण बुरशीने चित्र धुरकट होतं, फोकस पुढेमागे सरकत नाही. बॅटरी मारून आत कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसतात का, ते तरी पाहावं. भर दुपारी किनाऱ्यावरून ३०० वर सिंधुदुर्ग किल्ला टिपला तर तट लिबलिबीत दिसणारच, तापलेली हवा हलत असते. सकाळी जा.

तरीही शंका असेल तर कॅमेरा तिपाईवर ठेवून लोणच्याच्या बरणीचं लेबल टिपा, टायमर लावून. एकदा डोळा लावून फोकस करा, एकदा मागच्या पडद्यावर लाइव्ह व्ह्यूने. पडद्याचा फोटो स्वच्छ आणि डोळ्याचा अस्पष्ट असेल तर भिंगं ठीक आहेत, कॅमेऱ्याचा नि लेन्सचा मेळ चुकलाय. काही कॅमेऱ्यांत तो मेनूतूनच जुळवता येतो. दोन्ही अस्पष्ट, किंवा एकच बाजू कायम अस्पष्ट (पडलेल्या लेन्सचं असं होतं), किंवा रिंगेत वाळूची कचकच, असं असेल तर मात्र दुरुस्तीला द्या. जोर करून फिरवू नका.

माझं सोडा, मी पेन्शनर हौशी. पण कर्ज काढून कॅमेरा घेतलेली पोरं लग्नं नि जत्रेतला दशावतार टिपतात. रात्री स्टेजच्या उजेडात, ५.६ वर, लेन्स फोकस शोधत घुरघुरते आणि पोरगा घाबरतो. त्याला राजाच्या मुकुटाच्या चकचकीत कडेवर फोकस धरायला सांगायचं, की वीस-तीस हजारांची लेन्स गळ्यात मारायची?

दुकानदारांनी ‘गेली’ म्हणण्याआधी काय काय तपासलं, ते पावतीवर लिहून द्यावं. आणि आमच्या पुण्याच्या पुतण्याने नवी मागवण्याआधी ते बटण बघावं. फोनवर तीनदा सांगून झालंय.