सायकलवाल्याने उतरावे कुठे?

कापसाचा हंगाम लागला की वर्ध्याकडे येणाऱ्या रस्त्यांवर ट्रक नि ट्रॉल्यांची रीघ लागते. पिपरी मेघे तर शहराला लागूनच. शाळकरी पोरे, दूधवाले, मजूर याच गर्दीतून सायकल काढतात.

ट्रक डावीकडे वळताना त्याची मागची चाके कोपरा कापून आत येतात. डाव्या अंगाने पुढे घुसणारी सायकल नेमकी तिथेच सापडते. आरशात ड्रायव्हरचे तोंड दिसत नसेल, तर त्यालाही आपण दिसत नाही, ही खूणगाठ बांधावी. वळणावर मागेच थांबावे. ट्रॉलीला धरून जाण्याचा नाद सोडावा. मागे लाल रिफ्लेक्टर हवाच.

पण सारा दोष सायकलवाल्याच्या माथी मारू नये. डांबराची कड उंच, साईडपट्टी उखडलेली, त्यात बाभळी वाढलेल्या. तिथे ट्रक आल्यावर त्याने उतरावे कुठे? सरपंच व ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत साईडपट्टीचा ठराव घ्यावा. रस्ता बांधकाम विभागाचा असो वा जिल्हा परिषदेचा, जिनिंग सुरू होण्याआधी मुरूम पडलाच पाहिजे. ठराव नुसता फाईलीत राहिला, तर तो घेतला काय नि न घेतला काय!