भरताचं वांगं वेगळ्या क्रेटमध्येच आणा



चंपाषष्ठी जवळ आली. चातुर्मासात वांगं-कांदा बंद ठेवलेल्या घरांत आता भरीत-रोडग्याचा नैवेद्य होईल आणि मग थंडीभर खानदेशात शेताशेतात भरीत पार्ट्या. आपल्या हिरव्या वांग्याला खरी मागणी याच दिवसांत. म्हणून आज फवारणीचा सल्ला बाजूला ठेवून एक मत मांडतोय.

गेल्या आठवड्यात संकलन केंद्रावर काही क्रेटमध्ये वर भरताचं हिरवं वांगं आणि खाली जांभळं हायब्रीड निघालं. विचारलं तर उत्तर आलं, "भाजल्यावर सगळं सारखंच लागतं." भाऊ, सारखं लागत असतं तर घरी खायला म्हणून गावठी वांग्याची चार झाडं आपण वेगळी का लावतो? चव आपल्याला पक्की माहीत आहे. गिऱ्हाइकालाही ती कळते.

भरताचं वांगं मोठं, फिकट हिरवं, पातळ सालीचं आणि कमी बियांचं. तुरीच्या नाहीतर कपाशीच्या काड्यांवर भाजलं की साल सहज निघते आणि गर मऊसूत होतो. मग हिरवी मिरची, लसूण, कांद्याची पात, शेंगदाणे आणि सोबत कळण्याची भाकरी. जळगावच्या भरीत वांग्याला 2016 मध्ये जीआय मानांकन मिळालं.

प्रत्येक भागाचं वांगं वेगळं, कारण खाण्याची रीत वेगळी. कृष्णाकाठची वांगी भरल्या वांग्याला घेतात. गोव्यात आगशीची मोठी वांगी काप करायला लागतात. त्यांच्या वांग्याचं आपलं भरीत होणार नाही आणि आपल्या वांग्याचं त्यांचं भरलं वांगं जमणार नाही. यात कमी-जास्त कुणी नाही.

हंगाम आणि गाव यांच्या जोरावर भाजी कशी विकली जाते, याचं एक लांबचं उदाहरण सांगतो. जर्मनीत शतावरीच्या कुळातली अ‍ॅस्पॅरॅगस नावाची भाजी आहे. आपल्याकडेही पावसाळ्यात रानातल्या शतावरीचे कोवळे कोंब भाजीला आणतात, तसेच तिचे कोंब खातात. तिथे पांढरा कोंब जास्त आवडतो. ऊन लागून तो हिरवा होऊ नये म्हणून सरीच्या वरंब्यावर मातीची भर देतात. बर्लिनजवळच्या बेलित्झ गावाचं नावच या भाजीमुळे झालंय. वसंतात रस्त्याकडेला टपऱ्या लागतात, हॉटेलं तिच्यासाठी वेगळं मेनूकार्ड काढतात. आणि 24 जूनला, त्यांच्या सेंट जॉनच्या सणाला, काढणी बंद! भाव मिळत असला तरी बंद. कारण पुढच्या वर्षीच्या कोंबांसाठी झाडाला पाला वाढवून मुळांत अन्न साठवायचं असतं. लोक पुढचा हंगाम येईपर्यंत वाट बघतात.

त्यांचा सण हंगाम संपवतो, आपली चंपाषष्ठी हंगाम सुरू करते. वाट बघणारं गिऱ्हाईक आपल्याकडेही आहे. त्याने एकदा भरीत म्हणून नेलेलं वांगं कडू किंवा बियाळ निघालं, तर पुढच्या खेपेला तो दुसऱ्याकडे जातो. नुकसान मग प्रामाणिक माल आणणाऱ्याचंही होतं.

हायब्रीड लावू नका असं अजिबात म्हणणं नाही. लांबच्या बाजाराला टिकाऊ जांभळं वांगंच चालतं, त्यावर आपली घरं चालतात. पातळ सालीचं वांगं लांबचा प्रवास सोसत नाही हेही खरं. फक्त दोन्ही माल दोन नावांनी विका. माझं मत असं की भरताचं वांगं आपण जवळच्याच गावा-शहरांत, हंगामातच, नावानिशी विकावं.

त्यासाठी एवढं करा:
1. भरताचं वांगं वेगळ्या क्रेटमध्ये आणा. मिसळलेला क्रेट साध्या वांग्याच्या भावाने घ्यावा, असं मी बैठकीत मांडणार आहे.
2. तोडणी सकाळी लवकर, देठासकट. गोणीत कोंबू नका, पाणी मारू नका.
3. जून, बियाळ, किडकं फळ शेतातच बाजूला काढा. पोखरलेले शेंडे आणि फळं गोळा करून नष्ट करा.
4. फवारणी केली असेल तर औषधाच्या लेबलवर दिलेले दिवस पूर्ण झाल्याशिवाय तोडू नका.
5. घरचं बियाणं धरायचं असेल तर चांगली निरोगी 8-10 झाडं आत्ताच निवडून खूण करा. फळ झाडावरच पिवळं पडू द्या. दुसऱ्या जातीचं वांगं तिथून किमान 200 मीटर लांब असावं, नाहीतर मधमाश्या सरमिसळ करतात.

पटलं नसेल तर तसंही सांगा. पुढच्या बैठकीला या, समोरासमोर बोलू. येताना घरचं भरीत आणलंत तर उत्तमच!

आपला,
संचालक मंडळातील एक सभासद