वाणांचे वैविध्य : ताळेबंदाबाहेरचे भांडवल

हवामानबदलामुळे कोणकोणत्या प्रजाती नष्ट होतील, याची मोजदाद सर्वत्र चालू आहे. परंतु प्रजाती ही एकजिनसी वस्तू नव्हे, ही गोष्ट या मोजदादीत निसटून जाते. क्लाउसन, केक व हीसी या शास्त्रज्ञांनी कॅलिफोर्नियात सुमारे ३०, १,४०० व ३,०५० मीटर उंचीवरील बागांत यारो या रानवनस्पतीची ठिकठिकाणची रोपे शेजारी शेजारी वाढविली. उंच पर्वतावरची रोपे सखल बागेतही खुजीच राहिली. हा फरक केवळ माती-पाण्याचा नसून आनुवंशिक होता, हे १९४० च्या दशकातच त्यांनी दाखवून दिले. उथळ जमिनीत हळवे आणि पाणथळ खाचरात गरवे भात लावणाऱ्या शेतकऱ्याला यात नवल वाटू नये.

हवामान पालटू लागले की हेच वैविध्य कामी येते. ओडिशातील एका स्थानिक भातातून निवडलेला 'एफआर १३ ए' हा वाण उत्पन्नाने बेताचा. पण पुरात बुडूनही तग धरणारा. त्याच्या या गुणामागील जनुकाची ओळख २००६ मध्ये पटली आणि २००९ मध्ये 'स्वर्णा-सब १' हे, सुमारे दोन आठवडे पाण्याखाली टिकणारे भात भारतात प्रसारित झाले. ज्या वाणाला बाजारात किंमत नव्हती, त्यानेच पूरग्रस्त शेतकऱ्याला आधार दिला.

येथेच अर्थशास्त्राचा प्रश्न उपस्थित होतो. अधिक उत्पन्नाचे बियाणे पेरणाऱ्या शेतकऱ्याला दोष देता येणार नाही; जुना वाण राखण्याचा तोटा त्याचा एकट्याचा, लाभ मात्र साऱ्या समाजाचा. अशा व्यवहारात बाजार हात आखडता घेतो. बियाणे शीतगृहात जपले की काम भागले, हा युक्तिवादही अपुरा आहे. साठविलेले बी साठविल्या वेळेच्या हवामानापाशीच थांबते. शेतातले बी प्रत्येक हंगामाच्या कसोटीतून जाते.

२००१ च्या वनस्पती वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्यात राष्ट्रीय जनुक निधीची तरतूद आहे. प्रसंगोपात्त पुरस्कारांवर समाधान न मानता, स्थानिक वाण शेतात राखणाऱ्यांना त्यातून दरवर्षी निश्चित मोबदला मिळाला पाहिजे. तो उपकार नव्हे, समाजाने भरावयाचा विम्याचा हप्ता होय. आपत्ती कोसळल्यावर विमा उतरविता येत नाही. आणि नष्ट झालेला वाण कोणत्याही किमतीला परत मिळत नाही.